बुचाचे थर

माझा भाऊ माणसांकडे खालून वर बघतो. आधी पाय, मग गुडघे, आणि वेळ उरलाच तर चेहरा. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई एकदा दुकानात आल्या, तर हा त्यांना ओळखेना. बाईंनी शाळा सांगितली, छडीची आठवण करून दिली, तरी याचा चेहरा कोराच. मग त्या स्टुलावर बसल्या, त्यांनी उजवा बूट काढला आणि हा ताडकन उभा राहिला, "अहो बाई, तुम्ही!" बाईंच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं आहे, आणि ते यानं तिसरीत असताना बाकाखालून पाहून ठेवलं होतं. वर्गात गणित सोडून सगळ्याकडे लक्ष असायचं त्याचं.

गल्लीत सगळे त्याला बुटवाला म्हणतात, पण साधे बूट तो करत नाही. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वळलेली, कुणाची साखरेच्या आजारात बोटं गेलेली, असे लोक त्याच्याकडे येतात. दारापासून छतापर्यंत लाकडी फर्मे, म्हणजे पायाचे साचे, लागलेत, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा आपला आपला. मागच्या बाजूला चामडं कापायची रापी, आरी, कानस, सरसाचा डबा आणि त्याचं स्टूल. मी पुढे बसते आणि गिऱ्हाइकांशी बोलते, कारण बोलणं हा त्याचा प्रांत नाही. तुमचा भाऊ बुटातून बोलतो, असं लोक मला कौतुकानं सांगतात. पूर्वी मलाही ऐकून बरं वाटायचं. आता वाटतं, मेल्या, तोंडानं बोलला असतास तर किती बरं झालं असतं.

त्याची मुलगी टिचकी. लहानपणी दिसेल त्या वस्तूला टिचकी मारून बघायची, वाटीला, काचेला, माझ्या चष्म्याला, म्हणून हे नाव. वहिनी आजारात गेली तेव्हा टिचकीला नीट बोलतासुद्धा येत नव्हतं. मी एकटीच होते. बोचकं उचललं आणि भावाच्या घरी राहायला आले. तिचे दात पडले ते माझ्या हातात, केसांतले गुंते काढले ते मी, रात्री उठून पांघरूण घातलं ते मी. पण कायद्याच्या लेखी मी कोण? आत्या. आत्याची सही शाळेच्या सहलीलासुद्धा चालत नाही.

तान्ही असताना तिच्या डाव्या गुडघ्यात पू झाला होता. जीव वाचला, पण गुडघ्याजवळ हाड जिथून वाढतं, त्या जागेला इजा झाली. त्यामुळे डावा पाय वाढायचा, पण उजव्याच्या मागे मागे राहून. ती चालायला लागली तेव्हा माझ्या भावानं तिचा पहिला बूट केला. मुठीत मावेल एवढा.

आखूड पायाच्या बुटात उंचीसाठी बूच घालतात, बाटलीला लावतात तेच. हलकं असतं आणि कापायला सोपं. साधा कारागीर हे काम करतो तेव्हा एक बूट सुजल्यासारखा दिसतो आणि शेजारचा बिचारा वाटतो. माझ्या भावाचं काम तसं नव्हतं. तो अर्धं बूच बुटाच्या आत लपवायचा. उजव्या बुटाचा तळ बाहेरून तेवढाच जाड ठेवायचा, पण आतून कोरायचा, पाय खोल बसावा म्हणून. शिवण अशी फिरवायचा की बघणाऱ्याची नजर तिथून घसरून जावी. दर नव्या जोडात तो डावीकडे एक पातळ थर वाढवायचा आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. घरातल्या सपातासुद्धा त्याच हिशोबानं शिवलेल्या.

टिचकी चालताना जराशी डुलायची, पण तिची ऐटच तशी आहे असं लोक समजायचे. कुणी विचारलं तर ती करंगळीचं नख दाखवायची, "एवढासाच आखूड आहे." आंघोळीच्या वेळी डाव्या पायाच्या चवड्यावर उभी राहायची, पण जन्माची सवय ती, तिच्या लक्षातही यायचं नाही. आणि माझ्या? माझा त्या बुटांवर विश्वास होता. सगळ्या गल्लीचा होता.

ती अकरा वर्षांची असताना आम्ही तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि म्हणाल्या, मुलीला जरा बाहेर बसवा, वडिलांशी बोलायचंय. आम्ही दोघी बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बुटांना नावं ठेवत होतो. एका साहेबांचे बूट करकर वाजत होते, त्यावर टिचकी इतकी हसली की शिपायानं डोळे वटारले. तेवढ्यात भाऊ बाहेर आला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही. नवा बूट करायला सांगितलाय."

पुढच्या वर्षी मी तपासणीची आठवण करून दिली, तर म्हणाला, गरज नाही म्हणाल्यात. मी म्हटलं, सुटलो.

सोळावं सरलं आणि टिचकीची कंबर दुखायला लागली. आधी ती लपवायची. मग एकदा मी पाहिलं, अभ्यासाला बसताना ती खुर्चीवर गरम पाण्याची पिशवी ठेवत होती. मी हटकलं तर म्हणाली, "आत्या, बाबाला सांगू नकोस. तो लगेच बूच लावेल." आम्ही दोघी हसलो, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

सोळा पूर्ण झालेल्या मुलीला डॉक्टरांना आपलं आपण भेटता येतं. तेवढ्यापुरता कायदा तिचा शब्द मानतो. ती मला सोबत घेऊन गेली. डॉक्टरीणबाई त्याच होत्या, केस पांढरे झालेल्या. त्यांनी टिचकीला अनवाणी उभं केलं, मागून कमरेला दोन्ही हात लावले आणि डाव्या पायाखाली एक लाकडी फळी सरकवली. मग म्हणाल्या, आणखी एक. मग आणखी एक. कंबर सरळ झाली तेव्हा टिचकीनं खाली वाकून पाहिलं. पायाखाली चार बोटं उंचीचा ढीग झाला होता.

"एवढं?" ती म्हणाली.

"वाढत जाणारच होतं. म्हणून तर तेव्हा ते छोटं ऑपरेशन सुचवलं होतं."

"कसलं ऑपरेशन?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मलाही काही माहीत नव्हतं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. अकराव्या-बाराव्या वर्षी उजव्या गुडघ्यापाशी छोटंसं काम करून त्या पायाची वाढ थांबवता येते. मग मागचा पाय हळूहळू त्याला गाठतो. काही दिवसांत घरी. पण ते वाढीच्या वयातच होतं, आणि ते वय आता गेलं. वडिलांनी नकार दिला होता. तो त्यांचा अधिकार होता.

"तुला घरी कुणी विचारलंच नाही?"

"नाही."

"मीही नाही विचारलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सही वडिलांची लागते, म्हणून बोलणंही वडिलांशीच केलं. तुला दाराबाहेर बसवलं. ते माझं चुकलं."

आता उरला होता तो मोठा उपाय. डाव्या मांडीचं हाड कापायचं, बाहेरून लोखंडी कडी बसवायची, आणि ती दिवसातून चारदा छोट्या पान्यानं जराशी फिरवून हाड हळूहळू ताणायचं. कित्येक महिने. दुखणार, भरपूर दुखणार, आणि पाय अगदी बरोबरीचा होईलच याची खात्री नाही. पण नाही केलं तर कंबर वाकडी होत जाणार. टिचकीनं खूप प्रश्न विचारले, मला सुचलेही नसते असे.  घरी परतताना मात्र मला एवढंच म्हणाली, काही दिवस गप्प राहा, मला विचार करू दे. मी माझ्या तोंडाला कुलूप घातलं, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा हे किती जड गेलं असेल.

मग एका सकाळी, गिऱ्हाईक नसताना, ती दुकानात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी अकरा वर्षांची असताना डॉक्टर तुला काय म्हणाल्या होत्या?"

रापी चामड्यातच थांबली. "कोण म्हणालं तुला?"

"त्याच."

त्यानं रापी उपसून बाजूला ठेवली. मग एकदम उसळला, "चांगल्या पायाला सुरी लावायची म्हणत होत्या! तुझ्याकडे धड असा एकच पाय, आणि त्याचीच वाढ खुंटवायची? मी बाप आहे. नाही म्हणायचा हक्क होता मला."

"होता ना. मग मला सांगितलं का नाहीस?"

"एवढ्याशा पोरीला काय सांगायचं? रडली असतीस."

"रडले असते. मग?" टिचकीचा आवाज चढला. "कदाचित मीपण नकोच म्हटलं असतं. मला काय माहीत! पण तू मला विचारलंच नाहीस. तू बूच लावत बसलास."

तिनं मोठ्या ऑपरेशनचं सांगितलं आणि सही मागितली. तो नाही म्हणाला. अठरा पूर्ण झाली की कर तुझ्या मनासारखं, म्हणाला. तोवर कंबर वाकडी होईल, ती म्हणाली. मी असा बूट करीन की, असं त्यानं सुरू केलं, आणि ती ओरडली, "बूट नकोय मला!"

मला राहवलं नाही. "अरे, सही तुझी लागते, पण पाय तिचा आहे."

"ताई, तू मध्ये पडू नकोस. तू तिची..." आणि तो थांबला. पुढचं वाक्य त्यानं गिळलं, पण मला ते ऐकू आलं. इतकी वर्षं त्या घरात काढून मला ते ऐकू आलं. मला त्याचा संताप आला आणि त्याची कीवही आली. दोन्ही एकदम आलं की मी भांडी घासायला घेते. त्या दिवशी आमच्या दोन बशा फुटल्या.

दुसऱ्या दिवसापासून टिचकीनं त्याचे बूट घालणं बंद केलं. बाजारातून साधे, सपाट बूट आणले आणि तेच घालून ती बाहेर पडली. सगळी गल्ली बघत राहिली. तिचं डावं पाऊल पडायचं तेव्हा सगळं अंग डावीकडे कलायचं. फुलवाली धावत आली, "अगंबाई, पोरीला झालं तरी काय? पडली का कुठे?" मी म्हटलं, काही झालेलं नाही, ती अशीच आहे. फुलवालीला ते पटेना. दुकानात बसल्या बसल्या माझ्या भावाला ती पावलं ऐकू यायची, एक जोरात, एक हलकं, आणि तो कानस इतक्या जोरानं घासायचा की लाकूड तापायचं. तिला दुखायचंही. मी हात जोडून सांगितलं, हट्ट सोड, निदान बूट तरी घाल. ती म्हणाली, "दिसू दे लोकांना."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी मार्ग सांगितला. सही वडिलांचीच लागणार. पण मुलगी जाणती असेल आणि वडील नकार देत असतील, तर हॉस्पिटलची एक समिती दोघांचं ऐकून घेते. समितीला वाटलं तर प्रकरण न्यायाधीशांकडे जातं, आणि मग मुलीला तिथं वडिलांच्या विरुद्ध उभं राहावं लागतं. हे ऐकल्यापासून टिचकी नीट जेवत नव्हती. भाऊही जेवत नव्हता. दोघं एकाच टेबलाशी बसून आपापल्या ताटाशी खेळत होती, आणि मी मधे बसून एकदा हिला आणि एकदा त्याला "वाढू का?" विचारत होते.

समितीच्या दिवशी त्यानं भलीमोठी पिशवी घेतली. आत काय आहे ते सांगेना. लांबलचक टेबलापलीकडे एक वकीलबाई, एक वयस्कर डॉक्टर आणि मुलांशी बोलणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. वकीलबाईंनी त्याला विचारलं, तुमचा नकार का?

"मी हिला काही कमी पडू दिलेलं नाही," तो म्हणाला. "बघा." आणि त्यानं पिशवी उघडली.

त्यात टिचकीचे सगळे बूट होते. एकूण एक जोड त्यानं जपून ठेवला होता, हे मलाही ठाऊक नव्हतं. तो मुठीएवढा पहिला बूट, शाळेचा काळा, पट्ट्याचा, खेळायचा. फक्त डावे डावे काढून तो एका ओळीत मांडत गेला, लहानापासून मोठ्यापर्यंत. मांडताना सांगत होता, ही शिवण बघा, हे वजन बघा, हातात घेऊन बघा, चार वर्षांची असताना ही यात पळायची.  उजवा बूट शेजारी असताना कधी दिसलीच नसती अशी आतल्या बुचाची जाडी बुटागणिक वाढत गेलेली होती. एकेक बूट पाहणाऱ्याला ती कधी कळली नसती. ओळीत ठेवल्यावर लहान मुलालाही कळली असती.

तो शेवटचा बूट ठेवायला गेला आणि त्याचा हात थांबला. त्यानं तो बूट नेऊन पहिल्याच्या शेजारी ठेवला. मग मागे सरकून ती सगळी ओळ पाहिली. मला वाटतं त्यानंही ते असं कधी पाहिलं नव्हतं. दर वेळी तो एकाच बुटाचं काम करत होता. पाहता पाहता त्याचा चेहरा उतरला, आणि मला इतका राग असूनही त्याला पाठीशी घालावंसं वाटलं.

वकीलबाईंनी मग टिचकीला विचारलं. ती म्हणाली, "दुखेल हे मला माहितीये. पूर्ण बरोबरीचा नाही झाला तरी चालेल. मला हे करायचंय."

"आणि न्यायाधीशांसमोर वडिलांच्या विरुद्ध बोलायची तयारी आहे?"

टिचकी त्या बुटांकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मला त्याच्या विरुद्ध नाही बोलायचं. त्यानं मला एकदा विचारावं, बस."

माझा भाऊ उभाच होता. जन्मात कधी न केलेलं काम करायला सांगितल्यासारखा तो चाचरला. "तुला... करायचंय का गं?"

"हो."

त्यानं सही केली. चामड्यावर ज्याचा हात केसभर हलत नाही, त्याची सही ओळीबाहेर गेली.

गोष्ट इथं संपली असती तर मलाही आवडलं असतं. पण छोट्या ऑपरेशनचं वय परत आलं नाही, आणि मोठं ऑपरेशन मोठंच होतं. टिचकी घरी आली ती मांडीत शिगा आणि भोवती लोखंडी कडी घेऊन. पाना फिरवायचं काम नर्सनं भावाला शिकवलं, कारण माझ्या डोळ्यांना पान्यावरची बारीक खूण दिसत नव्हती. पहिल्याच दिवशी घरी, ती पुस्तकात डोकं घालून बसलेली पाहून, त्यानं पाना लावला आणि झटकन फिरवला. ती किंचाळली.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू अंग आकसलं असतंस. जास्त दुखलं असतं."

मी कपाळाला हात लावला. बुटवाला तो बुटवालाच! टिचकीनं त्याच्या हातातून पाना काढून घेतला आणि उशीखाली ठेवला. संध्याकाळी तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.  मग म्हणाला, "फिरवू?" तिनं त्याला ताटकळत ठेवलं. चांगलंच ताटकळत ठेवलं. मग उशीखालचा पाना काढून दिला.

तेव्हापासून दर वेळी तो विचारतो आणि दर वेळी ती हो म्हणते. कधी लगेच, कधी दात-ओठ खाऊन. परवा दुपारी मात्र शिगांभोवतीची कातडी लाल झाली होती. डॉक्टरीणबाईंनी औषध सांगितलं होतं, पाना मात्र चुकवू नका, म्हणाल्या होत्या. फार चुकला तर हाड मधेच जुळून येतं आणि आजवरचं सगळं दुखणं पाण्यात जातं.

"फिरवू?" त्यानं विचारलं.

"नको."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर आलंच होतं, असं कसं चालेल, फिरव तू, मी धरते तिला. खरं सांगते, मी तेच केलं असतं. मायेनंच केलं असतं. त्यानं पाना तिचा हात पोचेल असा चादरीवर ठेवला आणि पलंगाला टेकून खाली बसला. बाहेर दुकानात कुणीतरी काउंटरवर टकटक करत होतं, चारदा केलं आणि निघून गेलं.

"ठणकतंय?"

"हो."

"डॉक्टरांना फोन करू?"

"नको."

 घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी तो म्हणाला, "मग परत कधी विचारू?"

टिचकीनं बाहीनं डोळे पुसले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दहा मिनिटांनी."

"बरं," तो म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला. इतकी वर्षं मी त्याला ओळखते. समोर तिचा पाय होता, कडी होती, लाल झालेली कातडी होती, आणि तो त्यांतलं काहीच बघत नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.